उत्तरेकडचा हिवाळा आणि आपण



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘हिवाळा’ असे उत्तर दिले. ते गृहस्थ क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. त्या दुपारी पारा चव्वेचाळीसला टेकला होता आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. मास्तरांना ऊन लागले, असेच त्यांना वाटले असावे! परंतु मला ऊन लागलेले नाही. हिवाळ्याबद्दल बोलायला हाच महिना योग्य आहे असे मला का वाटते, ते शेवटी सांगेन. तोवर आपण धीर धरावा.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. ‘समशीतोष्ण कटिबंधात हिवाळा कडक असतो’ हे वाक्य मी किती वर्गांकडून घोकून घेतले असेल, त्याची गणती नाही. पण ‘कडक’ म्हणजे काय, हे मला निवृत्तीनंतर कळले. मुलगी शिकागोला असते. तिच्या आग्रहावरून आम्ही दोघे एक संपूर्ण हिवाळा तिच्याकडे राहिलो. त्या पाच महिन्यांत मी जो भूगोल शिकलो, तो नोकरीच्या काळात शिकलो असतो तर माझ्या विद्यार्थ्यांचे कल्याण झाले असते.

आपले खामगाव विषुववृत्तापासून सुमारे 21 अंश उत्तरेला. शिकागो जवळजवळ 42 अंशांवर. म्हणजे दुप्पट अंतर. आपल्याकडे 22 डिसेंबरचा, वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांहून मोठा असतो. तिथे तो जेमतेम नऊ तासांचा. दुपारी 4 वाजून 20 मिनिटांनी सूर्य मावळतो. चहाला बसावे आणि दिवेलागण व्हावी! आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरला की आपण ‘यंदा कडाक्याची थंडी’ म्हणतो, चौकाचौकात शेकोट्या पेटतात. तिथे जानेवारीतल्या रात्री सरासरीनेच शून्याखाली 7–8 अंशांवर असतात. 20 जानेवारी 1985 रोजी तिथला पारा उणे 33 अंशांपर्यंत उतरला होता, आणि 30 जानेवारी 2019 रोजी उणे 31 पर्यंत. दरसाल सरासरी तीन फूट बर्फ पडतो. शेजारी मिशिगन सरोवर, त्यावरून येणारा वारा. पारा दाखवतो त्याहून थंडी अधिक भासते ती या वाऱ्यामुळे, कारण अंगालगतची गरम हवा तो क्षणोक्षणी उडवून नेतो. थंडी आणि वारा दोन्ही जबर असले, तर उघड्या राहिलेल्या गालाचे किंवा बोटाचे मांस अर्ध्या तासाच्या आत गोठू लागते.

आता आम्ही तिथे काय घेऊन गेलो ते ऐका. मी कापसाच्या गावचा माणूस. 1870 साली जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. तेव्हा कापसापुढे थंडीची काय मातब्बरी, अशा ऐटीत मी जाड सुती बंड्या, सुती मोजे आणि घरची गोधडी असा सरंजाम नेला होता. पहिल्याच आठवड्यात मी बर्फातून फिरून आलो. चालताना घाम आला, मोज्यांत बर्फ वितळला, आणि घरी येईतो पाय लाकडासारखे झाले. मुलगी म्हणाली, “बाबा, सुती कपडा ओला झाला की ऊब सोडतो. अंगाला लागून लोकर घाला.” मला वाईट वाटले, पण तिचे खरे होते. कापूस पाणी धरून ठेवतो, आणि ओला कपडा अंगाची उष्णता खेचून घेतो. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते.

मात्र गोधडीने माझी लाज राखली! कोरड्या घरात तिच्याइतके सुख कशात नव्हते. त्याचे कारणही विचार करण्याजोगे आहे. ऊब कापडात नसते, ती कापडांच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर एकावर एक टाकून धावदोरा घातला, तेव्हा त्यांनी हवाच शिवून ठेवली होती. पिंजारी कापूस पिंजतो तोही त्यात हवा भरण्यासाठीच. उत्तरेकडचा माणूस एक जाडजूड कोट घालून निर्धास्त होत नाही, तो तीन-चार थर घालतो: अंगालगत घाम बाहेर टाकणारा, मध्ये ऊब धरणारा, वरती वारा अडवणारा. त्यांची खिडकीसुद्धा गोधडीच आहे. काचेच्या दोन तावदानांमध्ये हवा कोंडलेली असते. दाराला दार लागून मध्ये लहानशी खोली असते, म्हणजे बाहेरचे दार उघडले तरी घरातली ऊब एकदम निघून जात नाही. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे एकदशांश फुगतो आणि लोखंडी नळही फोडतो, म्हणून अतिथंडीच्या रात्री नळ किंचित ठिबकत ठेवतात. अशा बारीकसारीक शहाणपणावर तिथला संसार चालतो.

परंतु मला आज सांगायची गोष्ट कपड्यांची नाही. कपडे विकत मिळतात. ज्याला कपडे मिळूनही थंडी भागत नाही, त्याचे काय? याचा विचार करताना मला आपल्याच एका मुलीची आठवण होते.

न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा ती मुलगी दहा वर्षांची होती आणि तिचे लग्न झालेले होते. तिचे नाव आनंदीबाई जोशी. तिचे पहिले मूल दहा दिवसांतच गेले, आणि डॉक्टर होण्याची जिद्द तिने धरली. 7 एप्रिल 1883 रोजी ती कलकत्त्याहून बोटीत बसली आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरली. वय अठरा. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंनी तिला पोटच्या मुलीसारखे घरात घेतले. पुढे ती फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली, आणि तिथे तिने सलग तीन हिवाळे काढले.

आपल्या नऊवारी लुगड्यात पायांच्या पोटऱ्या उघड्या राहतात. कल्याण-पुण्याला त्याचे काही वाटत नाही, पण फिलाडेल्फियाच्या डिसेंबरात ती हौस नव्हे, शिक्षा ठरते. आनंदीबाईंनी मार्ग काढला. पाय झाकले जातील असे, गुजराती पद्धतीने त्या लुगडे नेसू लागल्या. वेष मोडला नाही, धर्म सोडला नाही, मांसाहार केला नाही, पण नेसण्याची तऱ्हा बदलली. आज हे क्षुल्लक वाटेल. त्या काळी यावरून नवऱ्याची समजूत घालावी लागे आणि गावाची बोलणी खावी लागत. त्या मुलीने थंडीशी जेवढी तडजोड आवश्यक तेवढीच केली, एक रेघ अधिक नाही.

पण लुगडे बदलता आले, खोली कशी बदलणार? त्यांना राहायला मिळालेल्या खोलीत शेकण्याची चूल होती, पण तिचा धूर बाहेर जात नसे. पेटवली की खोली धुराने भरे, विझवली की गारठा. धूर घ्यावा की थंडी घ्यावी, एवढीच निवड त्यांच्या हाती होती. त्यात परान्न वर्ज्य, म्हणून जेवणाची आबाळ. तशाही स्थितीत त्यांनी अभ्यास पुरा केला आणि 11 मार्च 1886 रोजी पदवी मिळवली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून तिथे गेल्या होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात आनंदीबाईंची नेमणूकही झाली. पण 1886 च्या अखेरीस त्या परतल्या त्या क्षयाने पोखरून, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्ष पुरे झाले नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

क्षय थंडीने होत नाही, तो जंतूंनी होतो. रॉबर्ट कॉख यांनी ते जंतू 1882 मध्येच, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या आदल्या वर्षी शोधून काढले होते. तेव्हा थंडीने त्यांचा बळी घेतला असे मी म्हणणार नाही. पण धूर, गारठा आणि अर्धपोटी अभ्यास यांनी शरीर खचते, आणि खचलेल्या शरीरात जंतू घर करतो. त्या मुलीकडे जिद्द कमी नव्हती. जगात कुणाकडे असेल तेवढी होती. कमी होते ते नीट धुराडे!

मला इथेच मुद्दा दिसतो. आपण चरित्रे वाचतो आणि सोसण्याचे कौतुक करतो. ‘केवढे सोसले!’ म्हणून डोळे पुसतो. पण सोसणे हा थंडीवरचा इलाज नव्हे. थंडी माणसाने एकट्याने सोसायची नसून गावाने मिळून वारायची असते. उत्तरेकडच्या शहरांना हे उमगायला फार किंमत द्यावी लागली. लंडनचे पाहा. तिथे घरोघर प्रत्येकजण आपापल्या चुलीत दगडी कोळसा जाळून ऊब मिळवी. 5 ते 9 डिसेंबर 1952 या पाच दिवसांत वारा पडला, धुके आणि धूर एक होऊन शहरावर बसले, आणि त्या कोंदट हवेने किमान चार हजार माणसे मेली. नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. आनंदीबाईंच्या खोलीतली ‘धूर की थंडी’ ही निवड सत्तर वर्षांनी साऱ्या लंडनच्या वाट्याला आली. 1956 साली तिथे हवा स्वच्छ राखण्याचा कायदा झाला, आणि कोळशाच्या चुली हळूहळू गेल्या. जी गोष्ट एकेकट्याला साधत नव्हती, ती सर्वांनी मिळून ठरवल्यावर साधली.

शिकागोत मी हेच पाहिले. तिथे नगरपालिकेचा नियम आहे की 15 सप्टेंबर ते 1 जून या काळात घरमालकाने भाडेकऱ्याच्या घरात दिवसा किमान 20 अंश आणि रात्री सुमारे 19 अंश ऊब राखलीच पाहिजे. न राखल्यास दंड. म्हणजे ऊब ही घरमालकाची मेहेरबानी नाही, तो भाडेकऱ्याचा हक्क आहे! आपल्या घरापुढच्या पायवाटेवरचा बर्फ ज्याने त्याने काढायचा, रस्त्यावरचा नगरपालिकेने. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्या मिठाचे डोंगर हिवाळा लागण्यापूर्वीच रचून ठेवलेले असतात.

आणि नगरपालिकेने हे केले नाही तर? 1979 च्या जानेवारीत शिकागोत एका वादळात सुमारे वीस इंच बर्फ पडला. गल्ल्या दिवसच्या दिवस तुंबल्या, आगगाड्या अडल्या. महापौर होते मायकेल बिलँडिक. पुढच्याच महिन्यात त्यांच्या पक्षाअंतर्गत निवडणूक होती. जेन बर्न या बाईंनी त्यांना हरवले आणि त्या शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. पराभवाला इतरही कारणे असतील, पण लोकांच्या मनात राग होता तो न काढलेल्या बर्फाचा. बर्फ पाडणे देवाच्या हाती असेल, तो काढणे महापौराच्या हाती आहे, असा त्या मतदारांचा सरळ हिशेब होता. आपल्याकडे नळाला पाणी आले नाही तर आपण आभाळाकडे पाहतो!

कायद्याने घर गरम होते, पण माणूस तेवढ्याने गरम होत नाही. पाच महिने काळोख, रस्ते ओस, दारे-खिडक्या बंद. मनाला मरगळ येते. डिसेंबरात माझ्या सौभाग्यवती दोन-दोन दिवस बोलत नसत. त्यावरचा तिथल्या जाणत्यांचा उपाय साधा आहे: रोज दुपारी, ऊन असो नसो, अर्धा तास बाहेर पडायचेच, आणि आठवड्यातून एकदा कुणाकडे तरी जायचेच. आपल्या मराठी माणसांनीही हा उपाय ओळखला होता. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 सालचे. उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र गुंफणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 साली शिकागोतच स्थापन झाले. परदेशी मंडळ म्हणजे नुसती नाटके आणि श्रीखंड, अशी आपण थट्टा करतो. मी ती करीत असे. परंतु भर जानेवारीत, बाहेर बर्फाचा खच पडलेला असताना संक्रांतीला शंभर-दीडशे माणसे जमतात, तीळगूळ हातावर ठेवतात आणि एकमेकांची विचारपूस करतात, तेव्हा मला प्रथमच कळले की संक्रांत हा हिवाळ्याचा सण आहे. तीळ, गूळ, बाजरी अंगाला ऊब देतात हे पुस्तकात होते. घरातून माणसाला बाहेर काढणे हा त्या सणाचा मोठा उपयोग आहे, हे पुस्तकात नव्हते.

आमच्या समोरच्या घरात एक वृद्ध बाई एकट्या राहत. रोज सकाळी आठाच्या सुमारास त्यांच्या खिडकीचा पडदा सरके. माझी मुलगी कामावर निघताना तिकडे पाहून जाई. एके दिवशी पडदा सरकला नाही. मुलगी माघारी फिरली, तिने घंटा वाजवली, मग त्यांच्या पुतण्याला फोन केला. बाई रात्री न्हाणीघरात पडल्या होत्या, मांडीचे हाड मोडले होते. इस्पितळात गेल्या, वाचल्या. मी मुलीला विचारले, “तुला हे कुणी सांगितले होते?” ती म्हणाली, “इथे आले तेव्हा शेजाऱ्यांनीच सांगितले की हिवाळ्यात समोरचा पडदा बघत जा.”

आता मी सुरुवातीला ठेवलेल्या प्रश्नाकडे येतो: हे सारे खामगावात, भर वैशाखात कशासाठी?

याच शिकागोची दुसरी हकीकत सांगतो. 1995 च्या जुलैत तिथे उष्णतेची लाट आली. 13 जुलैला पारा 41 अंशांवर गेला. आपण हसाल. 41 म्हणजे आपल्याकडची मे महिन्यातली साधी दुपार. पण हवा दमट, रात्रीही गारवा नाही, आणि घरे बांधलेली ऊब कोंडून ठेवण्यासाठी. त्या लाटेत त्या शहरात 739 माणसे मेली. जे शहर उणे तीस अंशांत ठणठणीत राहते, ते 41 अंशांत कोसळले! एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने त्याचा शोध घेऊन 2002 साली ग्रंथ लिहिला. मेलेल्यांत म्हातारी, गरीब आणि एकटी राहणारी माणसे फार होती. शेजारी-शेजारी असलेल्या दोन वस्त्या, दोन्हीकडे दारिद्र्य सारखेच, पण एकीत मृत्यू पुष्कळ आणि दुसरीत थोडे. फरक असा की दुसरीत रस्ते गजबजलेले होते, दुकाने होती, माणसे एकमेकांकडे जात होती. पहिलीत म्हातारी माणसे भीतीने दारे लावून बसली होती. तिथे पडद्याकडे पाहणारे कुणी नव्हते. हिवाळ्यासाठी त्या शहराने शंभर वर्षे व्यवस्था उभारली होती, उन्हाळ्यासाठी काहीच नव्हती.

श्रोतेहो, त्यांचा जसा हिवाळा तसा आपला उन्हाळा आहे. माणसाला घरात कोंडणारा, म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना उचलून नेणारा ऋतू आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये सुरू होतो आणि नवतपा संपेतो टिकतो. आणि त्याबद्दल आपली वृत्ती कोणती? ‘सोसायचे.’ डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि घरी कैरीचे पन्हे. दुपट्टा आणि पन्हे चांगलेच आहे, आनंदीबाईंचे बदललेले लुगडेही चांगले होते. पण ज्याला भर दुपारी बाजारात पोती उचलायची आहेत, त्या हमालाला दुपट्टा किती पुरेल? टिनाच्या छपराखाली जी म्हातारी एकटी आहे, ती कोणती खिडकी उघडील? उघडली तर लू, मिटली तर भट्टी. ‘धूर की थंडी’ हीच ती निवड!

अहमदाबादला 2010 च्या मे महिन्यात लाट आली, आणि नेहमीपेक्षा तेराशेंहून अधिक माणसे मेली. त्या शहराने ते नशिबावर ढकलले नाही. 2013 साली तिथल्या महानगरपालिकेने उष्णतेचा आराखडा केला: लाटेची आगाऊ सूचना, इस्पितळांची तयारी, पाणपोया, आरोग्यसेविकांना शिकवण. त्यात अगम्य असे काही नाही. खामगावला ते जमू नये असेही काही नाही. भर दुपारी अंगमेहनतीची कामे बंद ठेवावीत, टिनाच्या छपरांना वरून पांढरा चुना द्यावा, शाळांच्या रिकाम्या ओसऱ्या दुपारी थकल्या-भागल्यांना उघड्या कराव्यात. आणि ही तयारी होळीच्या आधी व्हावी. शिकागोचे मीठ बर्फ पडल्यावर आणत नाहीत.

एवढे नगरपालिकेकडे मागायचे. पण एक काम तिच्याकडे मागता येत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या गल्लीत एखादे घर असे आहे, जिथे मुले पुण्या-मुंबईला किंवा साता समुद्रापार गेली आहेत आणि मागे एकच माणूस उरले आहे. माझेही घर उद्या तसेच होणार आहे. त्या घराचे दार सकाळी उघडले की नाही, एवढे रोज पाहत जावे. त्याला पैसा लागत नाही, ठराव लागत नाही.

उद्या सकाळी दूध आणायला निघाल तेव्हा पाहा. आज मला इतकेच सांगायचे होते.